बदामी लाद्या

एकनाथरावांनी न्हाणीघराच्या भिंतीवरची एक लादी तेजाबाने घासली आणि ती पांढरी निघाली.

वास्तविक घासायची होती ती लादी नव्हे, दोन लाद्यांमधली काळी पडलेली दरज. चार दिवसांनी, नरकचतुर्दशीला, नवे जावई बाळकृष्णराव दिवाळसणासाठी नल्लकुंट्याच्या या घरी येऊन अभ्यंगस्नान करणार होते. एकनाथराव तामिरात, म्हणजे बांधकाम खात्यात हेडक्लार्क. 'नवे नको, दुरुस्ती पुरे' हा शेरा त्यांनी निजामाच्या राज्यात पंचवीस वर्षे लिहिला. दोन वर्षांपूर्वी राज्य गेले, शेरा तोच राहिला.

पद्मावतीबाई दारात आल्या आणि भिंतीकडे पाहतच राहिल्या.

"अहो, हे काय केलं?"

"डाग पडला बहुतेक. तेजाबाचा."

"डाग असा पांढराशुभ्र असतो?"

लेकीच्या, निर्मलेच्या, लग्नाच्या बैठकीत पद्मावतीबाईंनी विहीणबाईंना सांगितले होते, आमच्याकडे बदामी लाद्यांचे न्हाणीघर आहे. एकनाथरावांनी मान डोलावली होती. थाप मारण्याचा त्यांचा हेतू नव्हता. त्यांनाही त्या बदामीच वाटत होत्या.

मस्तान मिस्त्रींना बोलावणे गेले. महायुद्ध सुरू झाले त्या साली, अकरा वर्षांपूर्वी, लाद्या त्यांनीच बसवल्या होत्या. मिस्त्रींनी भिंतीवरून बोट फिरवले आणि त्याचा वास घेतला.

"साब, ये बंब का धुवाँ है. ऊपर से तेल-साबन जमा. हम तो सफेद बिठाए थे."

"म्हणजे अकरा वर्षं आम्ही..." पद्मावतीबाई म्हणाल्या. त्या पदराला हात पुसू लागल्या.

"सगळ्या घासायला किती?" एकनाथरावांनी विचारले.

"दो सौ सोला लादियाँ. तेजाब दरजों का सिमीट खा जाता, सब फिर से भरना पडता. सत्तर रुपये."

"हाली?"

"निजाम का सिक्का अब कितने दिन साब? हिंदुस्तान का कलदार बोलो."

एकनाथराव पालथ्या घंगाळावर बसले.

"आणि काढून नव्या बसवायला?"

"साठ."

"नव्याहून दुरुस्ती महाग?"

"घासने में हाथ जाते साब. तोडने को क्या, एक हथोडा."

पंचवीस वर्षांचे शेरे एकनाथरावांच्या डोळ्यांपुढून एकेक करून गेले.

"मग नव्याच बसवा," पद्मावतीबाई म्हणाल्या. "निर्मलेच्या सासरी माझा शब्द गेलाय. बदामी आणा."

"माल बंबई से आता, बाईसाब. दिवाली के बाद."

मिस्त्रींनी त्या एकट्या पांढऱ्या लादीकडे बराच वेळ पाहिले.

"एक काम होता. इस एक को मैली कर देता हूँ. दो रुपये."

"मळवायचे पैसे?"

"इसको हाली चलता."

मिस्त्रींनी चुलीची काजळी, एरंडेल आणि चहाचा चोथा कालवून लादीवर हात फिरवला. जन्मभर घरादाराला स्वच्छतेवरून बोलणाऱ्या पद्मावतीबाई मागे उभ्या राहून सांगत होत्या, "उजवीकडे कमी पडलं. अजून थोडं मळू द्या." काम संपल्यावर दोनशे सोळा लाद्यांत ती लादी एकनाथरावांना सापडेना.

नरकचतुर्दशीला पहाटे बाळकृष्णरावांनी तेल, उटणे आणि दोन घंगाळे कढत पाणी घेऊन सावकाश स्नान केले. ते कपडे करायला गेले तशा पद्मावतीबाई न्हाणीघरात डोकावल्या आणि ओवाळणीचे ताट घेऊन तशाच माघारी आल्या.

"वाफेनं सगळं ओघळलं," त्या पुटपुटल्या. "पहिल्याहून पांढरी दिसतेय."

फराळाला जावई बसले. दिवाळीचे म्हणून मस्तान मिस्त्रीही ओसरीवर बशी घेऊन बसले होते. बाळकृष्णरावांचे दोन अनरसे झाले. एकनाथरावांनी चिवड्याला हात लावला नव्हता.

"मामा, एक विचारू? राग नका मानू."

"विचारा ना."

"ती एक लादी पांढरी का हो? बदामी पुरली नाही, म्हणून साधी लावली काय की?"

पद्मावतीबाईंनी जावयाच्या ताटात तिसरा अनरसा वाढला.

"हौ," एकनाथराव म्हणाले. "पुरली नाही."

"तेवढी बदलून घ्या. बाकीचा रंग काय देखणा आहे. आम्ही नांदेडला न्हाणीघर बांधायला काढलंय. आई म्हणाली, नीट बघून ये, आपल्याला अश्शाच पाहिजेत. कुठं मिळतात?"

एकनाथरावांनी ओसरीकडे पाहिले. मिस्त्रींनी हातातली चकली शांतपणे संपवली.

"मिल जाती, जमाई साब. मगर तैयार होने को ग्यारा साल लगते."