ऐतिहासिक : तीन, अविस्मरणीय : दोन

आर्नफिनला दर गुरुवारी एक पत्र यायचं आणि त्यात फक्त त्याच्या चुका असायच्या. फ्योर्डकाठच्या, म्हणजे डोंगरांमधल्या समुद्रखाडीकाठच्या, एका गावच्या साप्ताहिकात खेळाचं आणि कलेचं पान तो एकटाच लिहायचा. हँडबॉलपासून चर्चमधल्या गाण्यांपर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात. पत्र पाठवायच्या निवृत्त शिक्षिका गुडवेगबाई, त्याच्या पानातले भडक शब्द मोजून. ‘ऐतिहासिक : तीन. अविस्मरणीय : दोन. टाळ्यांनी सभागृह कोसळलं : एक. मी तिथेच होते, सभागृह उभं आहे. आणि तीन दिवसांनी आठवतं का ते पाहावं, मगच अविस्मरणीय लिहावं.’

पत्र वाचून आर्नफिन आठवडाभर धुमसायचा. बायको सोडून गेल्याला नऊ वर्षं झाली होती. जेवताना समोर रेडिओ बोलायचा, पण तो कुणाशीही तसाच बोलतो. कुणीतरी आपल्यावर रागावलंय, एवढीच काय ती घरात ऊब.

जानेवारीत सिल्ये नावाची नवी संपादक आली. तिने बंदी घातलेल्या असल्याच शब्दांची यादी त्याच्यासमोरच्या भिंतीवर चिकटवली. आर्नफिनने ती निमूटपणे पाळली. त्या गुरुवारी पत्र आलं नाही. पुढच्याही नाही. ‘जिरवली बाईंची,’ असं तो स्वतःशी म्हणाला. तिसऱ्या गुरुवारी मात्र त्याने टपालपेटी दोनदा उघडून पाहिली.

चुकाच नाहीत तर बाई लिहिणार काय? आपलं पान शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारं गावात एकच माणूस होतं आणि ते आपण गमावलं, हे त्याला फार लागलं.

मग त्याने एक ‘ऐतिहासिक’ पेरला. बारा वर्षांखालच्या मुली हँडबॉलमध्ये तीन विरुद्ध एकोणीस हरल्या होत्या. तो पराभव ऐतिहासिक ठरला आणि मुलींचे आईबाप तावातावाने कचेरीत आले. पत्र नाही. पुढच्या आठवड्यात चर्चच्या गायकांना त्याने अविस्मरणीय ठरवलं. त्यांनी ते खरं मानून तोच कार्यक्रम पुन्हा ठेवला आणि चौदा माणसं आली. त्या चौदांच्या टाळ्यांनी आर्नफिनने सभागृह पाडलं आणि त्याच पानात यादीतले आणखी दहा शब्द घुसवले. विमा कंपनीतून फोन आला, कुठली भिंत पडली म्हणून.

सिल्येने त्याला आत बोलावलं.

“तू हे मुद्दाम करतोयस ना?”

“हो.”

“कशासाठी?”

“कुणी रागावत नाही म्हणून.”

“मी रागावलेय की.”

“तुला त्याचा पगार मिळतो,” आर्नफिन म्हणाला.

यापुढे यादीतला एक जरी शब्द सापडला तरी भरती-ओहोटीच्या वेळा लिहायला बसवीन, असं तिने बजावलं.

रविवारी त्याने आधी सात आठवड्यांचे निधनवृत्तांचे रकाने चाळले. तिथे बाई नव्हत्या. तेव्हा कुठे तो धीर करून त्यांच्या दारात गेला.

बाईंनी दार उघडलं ते कुबड्यांवर उभं राहून. त्यांच्यामागे टेबलावर तिकिटं लावलेली सात पाकिटं एकावर एक रचलेली होती.

“बर्फावरून घसरले. हाड मोडलं. पेटीपर्यंत जाणार कोण?” बाई म्हणाल्या. “आणि काय चालवलंय तुम्ही? एका पानात अकरा वेळा! मला वाटलं, आजारी आहात.”

“होतो थोडासा.”

बाईंनी कुबड्या सावरत त्याला आत यायला वाट करून दिली. “वॅफल खाणार? एकटीपुरतं पीठ मला अजून भिजवता येत नाही.”

त्याने पाच खाल्ले. बाई तीन तास त्याला रागावत होत्या. निघताना त्याला राहवलं नाही.

“बाई, आजची संध्याकाळ अगदी अवि—”

“तीन दिवस थांबा.”

तेव्हापासून दर बुधवारी तो स्वतःविरुद्धच्या तक्रारी स्वतःच आणायला जातो. पाकीट गुरुवारी कचेरीतच फोडायचं, अशी बाईंची अट आहे. पहिल्या पाकिटात एवढंच होतं : ‘ऐतिहासिक : शून्य. कोसळलेली सभागृहं : शून्य. अविस्मरणीय : एक, रविवारची संध्याकाळ. तीन दिवस थांबूनच लिहिते आहे.’