किटलीभर जाम

धोंड्याच्या महिन्यात जावयानं सासरी जायचं, पाटावर बसायचं आणि खायचं, एवढंच त्याचं काम. पण जगदेवरावांचा साडू इंद्रभान धनजच्या सासुरवाडीला जाताना घरी केलेल्या तुतीच्या जामची बरणी घेऊन गेला आणि सगळी रीतच बिघडवून बसला.

सासूबाई धुरपताबाईंनी पंगतीत सगळ्यांसमोर तो जाम पोळीला लावून खाल्ला. "असा जवाई भेटाले नशीब लागते," त्या म्हणाल्या. शेजारच्याच पाटावर धाकटा जावईही बसलाय, हे त्या साफ विसरल्या. जगदेवरावांना त्या दिवशी अनारसा गोड लागला नाही. (खाल्ले मात्र पोटभर.)

वाशीमला परतताना बसमध्येच त्यांनी बायकोला, निताला, सांगून टाकलं, "मी जांभळाचा जाम करतो."

"तुमी? तुमाले धड च्या बनवता येत नाही."

"इंद्रभानले येते, तं मले काहून नाही?"

"त्यायचं सोडा. त्यायच्या हाताले चव हाय."

बायकोच्या तोंडून ते आदराचं 'त्यायच्या' ऐकलं आणि जगदेवरावांचा जळफळाट झाला.

बाजारात जांभळं अजून अर्धीकच्ची होती. आठ दिवस थांबा, असं विकणारीनंच सांगितलं. पण हेव्याला कुठला धीर! साखरही त्यांनी हात आखडूनच घातली, कारण इंद्रभानचा जाम 'जरा जास्तच गोड' होता, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. जाम उकळला, उडाला, भिंतीवर गेला, निताच्या नव्या गाउनवर गेला. गाउन साबणानं धुतला, सोड्यानं धुतला, डाग काही हलला नाही. दुसऱ्या दिवशी कचेरीत साहेबांनी जगदेवरावांचे हात पाहिले आणि विचारलं, "दहाही बोटांनी मतदान करून आलात काय?"

जाम पातळच राहिला. चमचाभर तोंडात घातला, तर जीभ टाळूला चिकटली.

"तुरट हाय," निता म्हणाली.

"औषधी हाय," जगदेवराव म्हणाले आणि गावाकडं निघालेल्या एका ओळखीच्या माणसाच्या हाती बरणी धनजला धाडली.

मग रोज संध्याकाळी एकच प्रश्न, "तुह्या मायचा फोन आला?" शेवटी एकदाचा आला.

"जवाईबापू, तुमचा जाम लय कामाचा निघाला!" सासूबाई ओरडून बोलत होत्या. "अजून आणा, किटलीभर. पण तसाच बनवा, काही बदलू नका!"

जगदेवराव घरभर नाचले. लगेच इंद्रभानला फोन लावला. "सासूबाईनं आमचाच जाम मागवला, किटलीभर! रविवारी धनजले या तुमी पाहाले."

आता बाजारात सगळीकडे पिकलेली, काळीभोर जांभळं होती. 'तसाच' जाम करायचा म्हणून जगदेवरावांनी अख्खी मंडई पालथी घालून कच्चट जांभळं शोधली.

रविवारी ते मांडीवर किटली घेऊन धनजला पोचले. इंद्रभान खाटेवर बसलाच होता. जगदेवरावांनी त्याच्याकडं विजयी नजर टाकली आणि मग त्यांचं लक्ष अंगणात गेलं. खुंट्याला बकऱ्या बांधल्या होत्या. प्रत्येकीच्या पाठीवर जांभळा पट्टा होता.

धुरपताबाईंनी किटली घेतली, चिंधी बुडवली आणि उरलेल्या पिलाच्या पाठीवर सपकन पट्टा ओढला.

"त्या शेजारच्या गोजराबाईच्या बकऱ्या आपल्यात मिसळत, रोजचं भांडण. आता दुरून वळखू येते. पाण्यानं जात नाही, साबणानं जात नाही!"

"पण... खाल्ला नाही कोणी?" जगदेवरावांनी किटलीकडं पाहत विचारलं.

इंद्रभान तोंडावर उपरणं धरून दुसरीकडं पाहू लागला.

"खाल्ला असता तं रंग टिकला असता का, जवाईबापू?" धुरपताबाई त्यांना मायेनं समजावू लागल्या. "बकरी चप्पल खाते, पोतं खाते, मागं तं मामंजीची टोपी खाल्ली. पन तुमच्या जामले आजवर एकीनंबी जीभ लावली नाही!"