सीताफळीभोवतीची फक्की

ग्रामपंचायतीचा भोंगा खरखरला आणि छबुबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला.

"आत्याबाई, जरा बारीक करा की," आतून सून रोहिणी म्हणाली, "ग्रामसेवक कायतरी सांगायलेत. उद्याचंच काय तरी हाय."

"पाणीपट्टी भरा म्हनत आसंल. जगावर काय येळ आलीय आन् ह्येला पाणीपट्टी! गप बस, ड्रोनचं दावायलेत."

टीव्हीवर काळ्या आभाळात एक लाल ठिपका फिरत होता आणि बातम्या देणारा गळ्याच्या शिरा ताणून विचारत होता, 'तुमच्या घरावर कुणाची नजर?' पुढं मोठं प्रश्नचिन्ह होतं. छबुबाईंची शाळा दुसरीतच सुटली. प्रश्नचिन्हापर्यंत धडा गेलाच नव्हता. टीव्हीवर दिसलं ते झालं, असं त्यांचं ठाम मत होतं. "मानूस खोटं बोलतो," त्या म्हणायच्या. "क्यामेरा कशाला बोलंल? त्येला काय वाटणी घ्यायचीय?"

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. दिवाळी झाली तशा ऊसतोडीच्या टोळ्या ट्रकात बसून कारखान्यांना निघून गेल्या होत्या. गाव निम्मं कुलपात. छबुबाईंच्या आळीत तर उघडी दारं दोनच राहिली होती. एक त्यांचं, आणि शेजारी धाकट्या जावेचं, साखराबाईचं. एरवी कोंबड्यांवरून नाही तर पोरांवरून भांडायला माणूस मिळायचं. आता पत्रा जरी वाजला तरी काळजात धस्स व्हायचं.

राहिली साखराबाई. तर तिच्याशी बोलणंच नव्हतं. दोन घरांच्या मधे एक चिंचोळी पट्टी होती आणि पट्टीत सीताफळीचं झाड. छबुबाई म्हणायच्या, झाड माझ्या मालकानं लावलं. साखराबाई म्हणायची, लावलं आसंल, पण पाणी माझ्या न्हाणीचं पितं. या एका झाडापायी छबुबाईंच्या लेकाच्या, रामेश्वरच्या, लग्नाआधीपासून दोघी जावांची तोंडं दोन दिशांना होती. पण बोलायचं ते बोलून घेतल्याशिवाय राहवतं कुणाला? म्हणून छबुबाई आपल्या म्हशीशी बोलायच्या आणि साखराबाई आपल्या कोंबड्यांशी. आवाज मात्र दोघींचाही पार मारुतीच्या देवळापर्यंत जायचा.

सकाळी धार काढताना छबुबाईंनी म्हशीला सगळी बातमी दिली.

"ऐकलंस का गं चंद्रे, आदी ड्रोन येतंय, मग दरोडा येतोय. आता तू म्हनशील, वरून त्येला घर कळतंय कसं? मागं मंत्र्याचं हेलिकॉप्टर आलतं तवा शाळेच्या मैदानात चुन्याचा गोल आखला व्हता का न्हाई? मग! उडत्याला चुना दिसतोय. ज्या घराला चोर पांढरी खूण करून जातील, ते घर गेलंच म्हन."

चंद्रीनं शेपूट हलवलं. पलीकडं साखराबाईच्या हातातलं दाण्याचं सूप थांबलं. थोरली जाऊ कितीही वाईट असली तरी बातम्या ती बघते, हे साखराबाईला मान्य होतं.

आता आदल्या दिवशी भोंग्यावर ग्रामसेवक जे सांगत होते ते असं होतं. उद्या गावठाणाची मोजणी आहे, ती ड्रोननं होणार आहे, तरी प्रत्येकानं आपापल्या जागेभोवती चुन्याची फक्की मारून ठेवावी. जिथवर रेघ, तिथवर मालकी. छबुबाईंच्या टीव्हीपुढं ते त्यांच्या घरातच काय, शेजारी साखराबाईलाही ऐकू गेलं नव्हतं. रामेश्वरनं हे पारावर ऐकलं होतं. साखराबाईचा लेक आसाराम टोळीबरोबर कारखान्यावर. म्हातारीला फक्की मारून कोण देणार? रामेश्वरनं आई देवळात गेल्याची संधी साधली, घराभोवती रेघ ओढली आणि जाता जाता सीताफळीलाही हळूच आत घेतलं. आईला सांगावं असं त्याच्या मनात आलं होतं. पण आईला एक गोष्ट सांगायची म्हणजे तिची चार मतं ऐकायची, आणि केजची जीप तर हॉर्न वाजवत होती. तो बायकोला घेऊन बाजाराला निघून गेला.

छबुबाई देवळातून आल्या आणि अंगणाच्या तोंडाशीच खिळल्या.

घराभोवती पांढरीफेक रेघ. ताजी. न्हाणीवरून, गोठ्यामागून, सीताफळीला वळसा घालून परत दारापाशी. त्यांनी आळीत नजर टाकली. एकाही कुलपाच्या घराला रेघ नव्हती. साखराबाईच्या घरालाही नाही. सगळ्या आळीत चोरांनी एकच घर निवडलं होतं, आणि त्या भीतीतसुद्धा छबुबाईंना एक घडी बरं वाटलं, की चोरांनाही घराण्याची पारख आहे.

मग त्यांना रामेश्वर आठवला. फोन लावावा तर तो रोहिणीबरोबर केजला गेलेला. त्या घरात शिरल्या, ज्वारीच्या कोठीतून पुतळ्यांची माळ काढली, कमरेला बांधली आणि खराटा घेऊन बाहेर आल्या. रेघ झाडून झाडून घमेल्यात भरली. पण भरलेल्या घमेल्याकडं बघताना नवीनच विचार आला. चोर काय खुळे आहेत? रेघ दिसली नाही तर पुसल्याचं कळणारच. राग येऊन आधी इथंच शिरतील. त्यांना कुठंतरी रेघ दिसायला तर हवी.

साखराबाई शेळ्या सोडायला गेली होती.

"तिच्याकडं न्यायला हाय तरी काय?" छबुबाई चंद्रीला म्हणाल्या. "दोन डबडी आन् येक गोधडी. चोरच बिचारे कायतरी ठिवून जातील."

चंद्री रवंथ करत राहिली. छबुबाईंनी वाकून वाकून साखराबाईच्या घराभोवती फक्की ओढली. पट्टीपाशी आल्यावर हात थोडा अडखळला. पण झाड आपल्या बाजूला राहिलं तर चोर झाडावरून पत्र्यावर उतरतील, हेही दिसत होतं. त्यांनी मन घट्ट केलं आणि सीताफळी साखराबाईच्या रेघेत घालून टाकली. जी जागा त्यांनी दिरालाही दिली नव्हती, ती त्यांनी अशी एका घमेल्यात देऊन टाकली.

साखराबाई परतली. दारापुढची रेघ बघितली आणि तिच्या हातातली काठी गळून पडली. बातमी तिनं सकाळीच ऐकलेली, म्हशीच्या आधी. तिनं आरडाओरडा केला नाही. थोरल्या जावेसारखाच तिनंही आधी खराटा घेतला. फक्की भराभर लोटत लोटत पट्टीपर्यंत आणली, आणि तिथून पुढं छबुबाईंच्या अंगणात लोटणार, तोच समोर कुडाआडून छबुबाई उभ्या राहिल्या. त्यांच्याही हातात खराटा.

"चंद्रे," छबुबाई कडाडल्या, "सांग तिला, माज्या दारात घाण लोटायची न्हाई म्हनावं!"

"टिकटिके," साखराबाई कोंबडीला म्हणाली, "इचार तिला, माज्या दारात ही आली कुटून? माज्या दारात तिच्या चपलीचे ठसे उमटलेत म्हनावं!"

छबुबाईंनी खराटा हाणून फक्की परत लोटली. साखराबाईनं तिकडून लोटली. ही ढकलते, ती ढकलते. ज्या पट्टीसाठी एकमेकींच्या झिंज्या उपटल्या होत्या, ती पट्टी आज दोघी एकमेकींच्या अंगावर घालत होत्या. थोड्या वेळानं रेघ कुठंच उरली नाही. सगळी फक्की दोघींच्या अंगावर, केसांत, भुवयांत.

आणि तेवढ्यात आभाळात घुंऽऽऽ असा आवाज आला.

दोघींचे खराटे हवेतच राहिले. देवळाच्या कळसावरून एक चार पायांचं यंत्र सरकत सरकत आळीवर आलं आणि बरोब्बर सीताफळीच्या वर थांबलं. त्याच्या पोटात एक काळा डोळा होता. छबुबाईंना वाटलं, तो डोळा आपल्या कमरेकडंच बघतोय. त्यांनी माळेवर हात दाबला. दुसऱ्या हातानं काहीतरी घट्ट धरलं होतं. तो साखराबाईचा दंड होता.

"जाऊबाई," साखराबाईच्या तोंडून किती वर्षांनी सरळ शब्द फुटला, "आलं वं!"

"हालू नगं. हाललेलं त्येला लई दिसतंय."

आळीच्या तोंडाशी जीप थांबली. टोपी घातलेली दोन माणसं उतरली; एकाच्या हातात पाटीएवढा फोन. ती सरळ सीताफळीकडंच आली. फोनवाल्यानं दोन पांढऱ्याफटक म्हाताऱ्या बघितल्या आणि एक पाऊल मागं घेतलं. तोही जरा घाबरलाच.

"आजी, आम्ही मोजणीचे," तो म्हणाला. "बाकी गाव झालं. तुमच्या इथं रेघच दिसत नाही. ही मधली जागा कुणाची?"

छबुबाईंना बातमीतलं आठवलं. चोर सरकारी माणूस म्हणूनच येतात. आणि बघा, रेघेचंच विचारतोय.

"तिची!" त्यांनी साखराबाईच्या घराकडं बोट केलं.

"माजी न्हाई, त्यांची!" साखराबाईचं बोट छबुबाईंच्या घराकडं.

"कावून खोटं बोलतीस गं? साहेब, झाड तिच्या न्हाणीचं पाणी पितंय. आवंदा फळं किती गोड लागलीत, चाखून बघा, कळंल कुणाचं पाणी हाय ते!"

"झाड त्यांच्या मालकानं लावलंय! मी डोळ्यानं बगितलंय, साहेब. खड्डा खांदताना मीच पानी द्यायला गेलते!"

"माज्या घरात फुटका मणी न्हाई. साखरा लई मोठ्या घरची हाय."

"आमी शेळ्या राखून खातो. सगळी इस्टेट थोरल्या घरी!"

फोनवाला टोपी काढून डोकं खाजवू लागला. "मी एवढी गावं फिरलो," तो जोडीदाराला म्हणाला, "लोक हातभर जागेसाठी कुऱ्हाड काढतात. इथं कुणी घ्यायलाच तयार नाही." मग त्यानं न्याय केला. "ही म्हणते तिची, ती म्हणते हिची. दोघी वडीलधाऱ्या; कुणालाच खोटं कशाला पाडा? लिही, सामाईक."

जीप निघून गेली. यंत्रही गेलं. दोघी सीताफळीखाली मटकन बसल्या.

"गेलं का वं?"

"गेलं. पन सांच्याला येतील. तू आज माज्याकडंच ये निजायला. येकटी नगं राहू." आणि जरा थांबून छबुबाई म्हणाल्या, "मलाबी भ्या वाटतंय."

दुपारी रामेश्वर केजहून आला. अंगण साफ झाडलेलं, आई पांढरी, चुलती पांढरी, आणि दोघी एका ताटलीत सीताफळ खात बसलेल्या. पिशव्या त्याच्या हातातून गळाल्या.

"आई, रेघ कुटं हाय?"

"पुसली. चोरांनी केलती."

"चोर न्हाई, म्या केलती!"

मग त्यानं सगळं सांगितलं. भोंग्यावरचंही सांगितलं. छबुबाई बराच वेळ बिया थुंकत राहिल्या. साखराबाईनं मात्र एवढंच विचारलं, "रामेश्वरा, सीताफळी कुणाच्या रेघेत घेतलती रं?" रामेश्वर पिशव्या गोळा करायला खाली वाकला, तो लवकर वर आलाच नाही.

"हरकत घेता येती," शेवटी तो आईला म्हणाला. "ग्रामसभेत उभं राहून कारण सांगावं लागंल. काय सांगतीस?"

छबुबाईंनी मनातल्या मनात कारण मांडून बघितलं. सगळ्या गावापुढं उभं राहायचं आणि सांगायचं, की चोर माझ्याकडं येऊ नयेत म्हणून मी ते जावेच्या घरी पाठवले. त्यांनी पदर सावरला.

"राहू दे. सामाईक तर सामाईक. झाड काय कुटं पळून चाललंय?"

हिवाळा सरता सरता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर गावाचा मोठा नकाशा लागला. वरून घेतलेलं सगळं गाव, पत्रे, गोठे, उकिरडेसुद्धा. आपलं घर शोधायला लोकांची झुंबड उडाली. पण थोड्याच वेळात सगळी बोटं एकाच कोपऱ्यात जमली आणि हसण्याचा गलका झाला. सीताफळीशेजारी दोन टोपीवाल्यांसमोर दोन बायका दिसत होत्या, एकीचं लुगडं हिरवं, एकीचं जांभळं. डोकी पांढरी, आणि दोघींचे हात लांब केलेले, एकमेकींच्या घराकडं.

"छबुकाकू," सुंदरराव सरपंच हसू दाबत म्हणाले, "हे तुमीच की वं?"

छबुबाई पुढं झाल्या. चष्मा पुसून त्यांनी नकाशा नीट बघितला.

"खोटं हाय," त्या म्हणाल्या. "बनवलेलं हाय. आजकाल मशीन मानसाचं हुबेहूब सोंग काढतंय, बातम्यात दावत न्हाईत व्हय? क्यामेऱ्याचं काय खरं धरायचं?"

हसणं आणखी वाढलं. तेवढ्यात गर्दीतून जांभळं लुगडं वाट काढत पुढं आलं आणि छबुबाईंना खेटून उभं राहिलं.

"आन् जाऊबाई कशाला हात करतील माज्या घराकडं?" साखराबाई सरपंचांना म्हणाली. "आमचं तर बोलनंसुदा नव्हतं!"