आबांचं लॅपटॉपला गाऱ्हाणं

आमच्या आचऱ्यात लोक देवाला गाऱ्हाणं घालतात, शेजारचे आबा लॅपटॉपला घालतात. चपला दाराबाहेर, समोर नारळ, हात जोडलेले. "बा म्हाराजा, आज प्रोग्राम बिल्ड करतंय. काय चूक-भूल झाली आसात तर पोटात घाल. आणि एरर येवचीच आसात तर ती शेजाऱ्याच्या प्रोग्रामात घाल!"

तो शेजारी मी. घरून प्रोग्रामिंग करतो. तरी कुंपणाअलीकडून "व्हय म्हाराजा!" मलाच ओरडावं लागतं. त्याशिवाय हा माणूस एंटर दाबत नाही.

आबा गणिताचे निवृत्त मास्तर. बंगळूरला नोकरी करणाऱ्या शमाने, त्यांच्या लेकीने, त्यांना सी भाषा फोनवरून शिकवली. खाडीच्या भरती-ओहोटीचा प्रोग्राम बापलेकीने मिळून लिहिला. सुरुवातीला आबांनी लायब्रऱ्या, म्हणजे आयत्या कोडचे गठ्ठे, मानाप्रमाणे लावल्या, थोरली सगळ्यात पुढे. प्रोग्रामचे सुटे तुकडे जोडणारा लिंकर तिथेच अडला. "बाबा, मागणारी पुढे, देणारी मागे," शमाने समजावलं. आबांनी क्रम बदलला, पण थोरल्या लायब्ररीची आधी माफी मागितली.

हल्ली मात्र दर रविवारी एकच एरर. शमाने लिहिलेल्या तुकड्याचं नाव प्रोग्राममध्ये आहे, पण तुकडाच लिंकरला सापडत नाही. "नाव आसा, माणूस खंय?" आबा ओरडतात आणि शमाला स्पीकरवर फोन लावतात. एरवी तिचा फोन दोन मिनिटांचा, जेवलात का आणि गोळी घेतलीत का एवढाच. एरर असली की पाऊण तास चालतो. कुंपणाला कान न लावताही मला सगळं ऐकू येतं.

गेल्या रविवारी माझं डोकं फिरलं. दर आठवड्याला तीच चूक म्हणजे काय? कुंपण ओलांडून गेलो आणि आबांना बाजूला सारून खुर्चीत बसलो. शमाची फाइल जागच्या जागी होती. कुठले तुकडे जोडायचे त्या बिल्डच्या यादीत फक्त तिच्या नावाची ओळ नव्हती. मी ती लिहिली. प्रोग्राम सुरळीत चालला, संध्याकाळच्या भरतीची वेळसुद्धा दिसली. नारळाची निदान एक कातळी तरी मिळेल, या आशेने मी वळून पाहिलं.

"झाला?" आबांनी विचारलं.

"झालं. आता ही एरर परत येणार नाही."

आबा फोन हातात घेऊन उभेच होते. "मगे आता शमाक काय सांगू?"

ती ओळ दर रविवारी कोण पुसतं, हे मला तेव्हा कळलं. मला माझ्या हुशारीची लाज वाटली. मी ओळ पुसून टाकली आणि खुर्ची सोडली.

"घाला गाऱ्हाणं."

आबांनी हात जोडले. मी नेहमीपेक्षा मोठ्याने "व्हय म्हाराजा!" म्हटलं. एरर आली. आबांनी खुशीत फोन लावला.

"काय ओ बाबा, परत तीच?" पलीकडून शमा हसली. "बरा, सगळी यादी वाचून दाखवा. पयल्यापासून. आणि सावकाश हां, माका घाई नाय."