नऊ वर्षांचे कोरे रजिस्टर

शिडी कुलपात होती आणि कुलपाची किल्ली शिट्टीसाहेबांच्याच खिशात होती. तरीही सकाळी सव्वानऊ वाजता ते चाकांच्या खुर्चीवर उभे होते.

यात वेडेपणा नव्हता, नियम होता, आणि तो त्यांनी स्वतःच केलेला होता. शिडी बाहेर काढायची तर अर्ज भरायचा आणि अर्जावर दोन सह्या घ्यायच्या, एक सुरक्षाप्रमुखांची आणि एक मालकीणबाईंची. सुरक्षाप्रमुख ते स्वतःच असल्यामुळे पहिली सही झोकात झाली होती. मालकीणबाई मात्र सरकारी निरीक्षकबाईंना आणायला गेल्या होत्या. तपासणी अकराला होती आणि त्याआधी भिंतीवर नवी पाटी लागायलाच हवी होती. पाटीवर लिहिले होते, 'उंचीवर काम करताना शिडीच वापरावी.'

साहेबांनी खिळ्याकडे हात लांबवला तशी खुर्ची डावीकडे निघाली आणि साहेब उजवीकडे. घोटा मुरगळला, कोपर सोलवटले, टोपी गडगडत यंत्राखाली गेली. पाटीला मात्र काही झाले नाही, कारण ती साहेबांच्या पोटावर पडली होती.

हा वह्या आणि रजिस्टरे बांधायचा कारखाना. माणसे बावीस. साहेब मुळात इथले स्टोअरचे कारकून. नऊ वर्षांपूर्वी कायद्याप्रमाणे सुरक्षेची जबाबदारी कुणाच्या तरी नावावर टाकायची वेळ आली, तेव्हा बैठकीत सगळ्यांनी माना खाली घातल्या. हे एकटेच पंख्याकडे बघत होते, म्हणून काम त्यांच्या गळ्यात पडले. पण त्यांनी ते मनावर घेतले. ज्या माणसाला आयुष्यात कुणी साधे 'तुम्हाला काय वाटतं' म्हणून विचारले नव्हते, त्याच्या डोक्यावर पिवळी टोपी आणि गळ्यात शिट्टी आली. कुणी पळाले की शिट्टी, कुणी वाकडे उभे राहिले की शिट्टी. घरी बायको माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढली तेव्हाही त्यांनी ती वाजवली होती, आणि त्या दिवशी त्यांना जेवण स्वतः वाढून घ्यावे लागले. कारखान्यात त्यांचे नाव शिट्टीसाहेब पडले. मालकीणबाईसुद्धा निम्म्या थट्टेने त्यांना साहेबच म्हणत.

साहेबांचा जीव होता तो अपघात रजिस्टरात. लाल कापडी पुठ्ठ्याचे ते जाडजूड रजिस्टर नऊ वर्षे कोरे होते. दर सोमवारी ते फडक्याने पुसत आणि पाने उलटून त्यांच्या कोरेपणाची खात्री करून घेत. 'लागले की आधी नोंद, मग मलम' हा त्यांचा नियम सगळ्यांना पाठ होता. प्रथमोपचार पेटीला कुलूप होते आणि नोंद पूर्ण झाल्याशिवाय ते कुणासाठीही उघडत नसे. नोंदीला चौदा रकाने होते. तेराव्यात 'जखमीने कोणता नियम मोडला' हे लिहायचे आणि चौदाव्यात जखमीचा माफीनामा. नऊ वर्षांत एकही माणूस पेटीपाशी फिरकला नव्हता. आपल्या राज्यात कुणाला खरचटतसुद्धा नाही, असे साहेबांना अगदी मनापासून वाटत होते.

आता जमिनीवर बसल्याबसल्या त्यांना घाम फुटला. कायद्याने ही नोंद करायलाच हवी, आणि ती नेमकी आज. कालच मालकीणबाईंनी त्यांना केबिनमध्ये बोलावले होते. कारखान्याचा परवाना या तपासणीवर अडला होता. तो मिळाला नाही तर कामाला टाळे लागणार आणि शाळांच्या वह्यांची मोठी ऑर्डर हातची जाणार. "बावीस घरं आहेत, साहेब," त्या म्हणाल्या होत्या. "मी तुमच्या भरवशावर आहे." त्यावर साहेब छाती फुगवून म्हणाले होते, "बाई, आपलं रजिस्टर आरशासारखं आहे."

पडल्याचे कुणाला कळू द्यायचे नाही, असे त्यांनी ठरवले. घोट्याला पट्टी हवी होती, पण पट्टी पेटीत होती आणि पेटी नोंदीशिवाय उघडत नव्हती. किल्ली कमरेला लटकत असूनही त्यांनी तिला हात लावला नाही. नियम मोडणाऱ्यांतले ते नव्हते, लपवणाऱ्यांत तेवढे नुकतेच आले होते.

एवढ्यात शिलाईच्या मावशी आल्या. पंचवीस वर्षे इथे वह्या शिवून त्यांचे केस पांढरे झाले होते.

"पडलात?" त्यांनी विचारले.

"नाही. बसलोय."

"जमिनीवर?"

"जमीनच तपासतोय."

मावशींनी जास्त विचारपूस केली नाही. त्यांनी कटिंग यंत्रावरच्या दादांना हाक मारली, दोघांनी मिळून साहेबांना उचलले आणि शिलाईच्या टेबलापाशी नेऊन बसवले. मावशींनी टेबलाखालून बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा ओढला. त्यात कापूस होता, मलम होते, चिकटपट्ट्या होत्या, मुरगळल्यावर गुंडाळायची ताणाची पट्टीही होती, आणि सगळे ताजे होते. दादांनी साहेबांचा पाय मांडीवर घेतला आणि घोटा असा सफाईने बांधला की साहेब बघतच राहिले.

"हे कुठे शिकलात?" त्यांनी विचारले.

दादांनी मावशींकडे बघितले आणि मावशींनी छताकडे. मग डब्याच्या तळातून एक वही काढून मावशी काहीतरी लिहायला लागल्या. साहेबांनी खोदून विचारले तेव्हा त्या म्हणाल्या की डब्यातले कुणी काय वापरले ते लिहून ठेवतो, जो संपवेल त्याने भरून आणायचे. साहेबांनी हात पुढे केला. मावशींनी वही छातीशी धरली.

"राहू द्या साहेब. वाचलंत तर वाईट वाटेल तुम्हाला."

साहेब पुढे काही बोलणार तोच फाटकाशी गाडी थांबली. निरीक्षकबाई तासभर आधीच आल्या होत्या.

बाई लहानखुऱ्या होत्या, हळू बोलत आणि हातातल्या पेन्सिलीने सगळीकडे ठकठक करत. साहेब लंगडू नयेत म्हणून दादा त्यांच्या खांद्यावर हात टाकून चालत होते. एरवी हे दोघे एकमेकांशी बोलतही नसत, त्यामुळे मालकीणबाई चमकून बघत होत्या. पण तपासणी चांगली चालली होती. यंत्रांची झाकणे जागच्या जागी होती, बाहेर पडायचा मागचा दरवाजा मोकळा होता, आग विझवायची नळकांडी भरलेली होती. साहेबांनी खरोखरच कष्ट घेतले होते आणि बाईंनी तसे म्हटलेही. साहेबांचा घोटा क्षणभर दुखायचा थांबला.

मग बाई प्रथमोपचार पेटीपाशी आल्या. "याला कुलूप कशाला?"

"चोरी होऊ नये म्हणून."

"मलमाची?"

पेटी उघडली. साहेब दर महिन्याला आतल्या वस्तू मोजत, पण तारीख बघायची राहून जाई. मलमाची मुदत संपून सहा वर्षे झाली होती आणि कापूस हळदीसारखा पिवळा पडला होता. बाईंनी काहीतरी टिपून घेतले आणि रजिस्टर मागितले. साहेबांनी ते दोन्ही हातांनी पुढे केले. बाईंनी पहिले पान उघडले, मग मधले, मग शेवटचे.

"नऊ वर्षांत एकही नाही?"

"एकही नाही," साहेब म्हणाले.

"इथे कापायचं यंत्र आहे, सुया आहेत, तारा आहेत. माझ्या ऑफिसात नुसत्या फायली आहेत, तिथे वर्षाला सात नोंदी होतात." बाईंनी रजिस्टर मिटले. "कोऱ्या रजिस्टराचे दोनच अर्थ, साहेब. एक तर इथे काम होत नाही, नाही तर नोंद होत नाही. काम मी आत्ता बघितलं. दुखापत लपवणं कायद्यात बसत नाही. मला परवाना थांबवावा लागेल."

मालकीणबाईंचा चेहरा उतरला. आजूबाजूची यंत्रे एकेक करून बंद झाली आणि कारखान्यातली सगळी माणसे साहेबांकडे बघायला लागली. साहेबांना डब्यातली वही आठवली. ती बाहेर काढली तर परवाना कदाचित वाचेल, पण आपल्या नऊ वर्षांची माती होईल. ते रजिस्टर त्यांना फार प्रिय होते. आयुष्यात निष्कलंक म्हणावे असे त्यांच्याकडे तेवढेच होते. मग घोट्यातून एक कळ आली आणि दादांचा खांद्यावरचा हात त्यांना जाणवला.

"मावशी," ते म्हणाले, "ती वही आणा."

"नको, साहेब."

"आणा म्हणतोय ना."

वही तिरक्या छपाईमुळे बाद झालेली होती, पण आतले रकाने पट्टीने आखलेले होते. तारीख, नाव, काय लागले, कारण, काय उपचार केला, घरी पाठवले का. बाईंनी पहिल्यांदाच पेन्सिल खाली ठेवली.

"हे रकाने तुम्हाला कुणी आखून दिले?"

"कुणी कशाला देतंय?" मावशी म्हणाल्या. "बाकीच्या कारखान्यांची अपघात रजिस्टरं आपणच तर बांधतो. पंचवीस वर्षं तेच शिवतेय मी."

आत त्रेसष्ट पूर्ण नोंदी होत्या. एकही मोठी नव्हती आणि एकही चुकलेली नव्हती. बाई समाधानाने वाचू लागल्या, पण चौथ्या पानावर त्या थबकल्या. "हे 'कारण: शिट्टी' म्हणजे काय?"

बाईंनी पुढे वाचले. मागून शिट्टी वाजली, दचकून सुई बोटात. शिट्टी, चहा अंगावर. 'सावकाश चाला' ही पाटी डोक्यावर पडली. शिडी मिळाली नाही, खोक्यावर चढलो, खोके बसले. पुन्हा शिट्टी. बाईंनी शांतपणे हिशेब केला. शिट्टीमुळे एकोणीस, पाट्यांमुळे आठ आणि शिडीच्या कुलपामुळे अकरा, म्हणजे त्रेसष्टपैकी अडतीस दुखापती सुरक्षेमुळे झाल्या होत्या.

साहेबांचे कान लाल झाले. त्यांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. "मला कुणी सांगितलं का नाही?" ते हळूच म्हणाले.

दादांनी मान खाजवली. "तुम्ही दर सोमवारी ते रजिस्टर पुसत बसायचात. त्यात आम्ही कसं काय लिहिणार?"

नऊ वर्षे आपण या माणसांना सांभाळतोय असे ते धरून चालले होते, आणि हीच माणसे गुपचूप त्यांना सांभाळत होती. एवढी लाज आणि एवढी माया त्यांना एकाच वेळी कधी वाटली नव्हती.

"शेवटची चौसष्टावी नोंद अर्धवट आहे," बाई म्हणाल्या. "आजची तारीख, सुरक्षाप्रमुख, उजवा घोटा. कारण लिहिलेलं नाही."

"ते म्हणाले की ते बसले होते," मावशी म्हणाल्या.

साहेबांनी पेन मागून घेतले आणि कारणाच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिले, 'शिडी कुलपात होती. किल्ली माझ्या खिशात होती.'

निरीक्षकबाईंनी परवान्यावर सही केली आणि अटी घातल्या. शिडीचे आणि पेटीचे कुलूप आजच काढायचे, पेटी नव्याने भरायची, चौदा रकाने रद्द करून मावशींचे सहाच ठेवायचे आणि जुन्या नोंदी आठ दिवसांत रजिस्टरात उतरवायच्या. मग त्यांनी हात पुढे केला. साहेबांनी गळ्यातली शिट्टी काढून दिली. बाईंनी ती पाकिटात घातली, पाकीट चिकटवले आणि वर लिहिले, 'धोकादायक उपकरण.'

दुपारभर साहेब पाय स्टुलावर ठेवून नोंदी उतरवत बसले. पहिल्या पानावर शाई टेकवण्याआधी त्यांनी ते शेवटचे एकदा फडक्याने पुसले, दहाव्या नोंदीपर्यंत हात सरावला, आणि विसाव्या नोंदीला तर 'शिट्टी, चहा अंगावर' लिहिताना त्यांना चक्क हसू फुटले. चौसष्टावी नोंद संपवून त्यांनी समाधानाने पान उलटले. नऊ वर्षे कोऱ्या राहिलेल्या त्या करकरीत पानाची कड त्यांच्या अंगठ्यावरून सर्रकन फिरली. रक्ताचा थेंब आला.

"मावशी," त्यांनी हाक मारली, "डबा आणता का जरा?"

मावशी डबा घेऊन आल्या, पण उघडायच्या आधी थांबल्या. "आधी नोंद ना, साहेब?"

"आधी मलम," साहेब म्हणाले.

मलम लागले, चिकटपट्टी लागली. मग त्यांनी डाव्या हाताने रजिस्टर जपून सरळ केले आणि पासष्टावी नोंद सुरू केली. आजची तारीख. स्वतःचे नाव. अंगठा. आणि कारणाच्या रकान्यात, किंचित थांबून, एकच शब्द: रजिस्टर.