उणकलचे पाणीपत, अर्थात दातांची खुर्ची धारवाडास पोहोचल्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. श्रीसिद्धारूढस्वामींचे चरणी मस्तक ठेवून लिहिण्यास आरंभ केला ऐसा जे, गेले साली विजयादशमीस उणकल तळ्याचे काठी, भीमराव यांचे ट्रकच्या टाकीत, डिझेल व पाणी यांचे जे घनघोर युद्ध जाहले, त्याची हकीकत घरचे घरी तीन तऱ्हांनी सांगितली जाते. भीमराव सांगतात त्यात त्यांचे मेहुणे दोषी, मेहुणे सांगतात त्यात प्रारब्ध दोषी, आणि भीमराव यांच्या पत्नी भाग्यलक्ष्मीबाईसाहेब सांगतात त्यात दोघेही पुरुष दोषी. सबब पुढील पिढ्यांस संभ्रम न पडावा, म्हणोन जे घडले तेच येथे नमूद केले असे.

जुनी हुबळी येथे राजमान्य राजश्री भीमराव एक ट्रक बाळगून होते. सहा चाकी, केशरी रंगाचा, कपाळी मारुती. याच एका ट्रकाचे बळावर त्यांनी कन्या वेदश्री हीस दंतवैद्यकी शिकविली. कन्या परीक्षा फत्ते करून आली आणि तिने धारवाडास मालमड्डीत एक खोली घेतली, आणि दसऱ्याचे दिवशी दवाखाना उघडावा ऐसा बेत ठरला. मग रुग्णांस बसवावयाची खुर्ची आली. एक बटण दाबता वर चढे, दुसरे दाबता मागे कले, शिरी दिवा, डावे अंगास चूळ भरावयाचे पात्र. ऐसे सिंहासन कोणा पातशहास लाभले नसेल. टेंपो करावा, असे कोणी सुचविले, तेव्हा भीमराव यांनी हुकूम केला की, "पोरीची खुर्ची दुसऱ्याच्या गाडीतून जाणार नाही. आपलीच गाडी नेईल आणि मीच चालवीन." 

आता फितूर कसा जाहला ते ऐका. बाईसाहेबांचे बंधू सुमंतराव, राहणार देशपांडे नगर, पेशाने शिक्षक, स्वभावे अतिशय स्वच्छ. भाचीचे कार्य, आपणही काही चाकरी करावी, ऐसे मनी आणून त्यांनी खंडेनवमीचे आदले दिवशी ट्रक धुण्याची कामगिरी मागून घेतली. गुलाबाचे वासाचा साबण लाविला, जोराचे पाण्याचा पाईप मारिला, चाके घासली, मारुती उजळला. इतुके करूनही समाधान न होता डिझेलटाकीचे झाकण काढिले आणि तेही चिंचेने घासावयास घेतले, आणि झाकण इकडे हाती चकाकत असता तिकडे पाईप उघड्या टाकीचे तोंडावरून दोन वेळा फिरविला. मग झाकण लावून त्यास कुंकू वाहिले. हेतू शुद्ध होता, त्याविषयी वाद नाही. पाणी डिझेलाहून जड, सबब गनीम मुकाट तळाशी जाऊन दबा धरून बसला. दुसरे दिवशी ट्रकाची आयुधपूजा जाहली, कोहळा फुटला, चाकाखाली लिंबे ठेविली, आरती जाहली. गनिमाने सर्व ऐकून घेतले.

विजयादशमीस दुपारी कूच जाहले. पुढे भीमराव, मध्ये बाईसाहेब, खिडकीशी वेदश्री, नवी रेशमी साडी नेसून. मागे सुमंतराव खुर्चीचे राखणीस. खुर्ची दोरांनी बांधिली होती, तथापि हलू नये म्हणोन ते तिजवरच आरूढ जाहले, आणि मस्तकी दिवा घेऊन हुबळीचे रस्त्याने चालले. तेव्हा दुतर्फा लोक हात हलवू लागले, आणि सुमंतरावही हात हलवू लागले, आणि एका रिक्षावाल्याने तर वाकून मुजरा केला.

उणकल तळे दिसू लागले तोच इंजिनास उचकी लागली. मग दुसरी. मागून पांढरा धूर निघाला आणि सिंहासन त्यात गुडूप जाहले. स्टिअरिंगसमोर इशाऱ्याचा पिवळा दिवा लागला. भीमराव जुने सरदार. त्यांनी ट्रक कडेस घेऊन तत्काळ इंजिन बंद केले.

"काय झालं हो?" बाईसाहेबांनी पुसिले.

"डिझेलात पाणी आहे. आता रेटलं तर इंजेक्टर जातील. इंजेक्टर गेले म्हणजे इंजिन गेलं समज."

एवढे बोलून ते स्टिअरिंगवर हात ठेवून उगेच बसून राहिले. ज्या ट्रकाने वीस वर्षे दगा दिला नाही, त्याने आजच द्यावा, याचे दुःख त्यांस मोठे जाहले. हे पाहून वेदश्री म्हणाली, "अप्पा, मी टेंपो बोलावू का?" त्यांनी मान हलविली. होकार की नकार ते कोणास कळले नाही, सबब तिने बोलाविला नाही.

मग सुमंतरावांस चौकातील अनिश याचे स्पेअरपार्टचे दुकानी रवाना केले. अनिश पूजेच्या गडबडीत, अर्धे शटर ओढून उभा. त्याने डिझेलात घालावयाच्या औषधाच्या दोन बाटल्या काढिल्या आणि सांगितले की, "सर, हे पाण्याला बारीक करून डिझेलात मिसळतं. टाकीत नुसता ओलावा असेल तर चालतं. आणि हे पाण्याला सोडवून तळाला बसवतं. मग खालचा बोल्ट उघडून काढायचं. कुठलं पाहिजे ते बघा, मला आरती आहे." सुमंतराव दोन्ही घेऊन आले.

ट्रकाचे सावलीस मसलत बसली. सुमंतरावांचे मत तहाचे पडले. पाणी डिझेलात मिसळून जाईल, इंजिन पिऊन टाकील, तासाभरात धारवाड. भीमराव यांस हे बरोबर नाही हे ठाऊक होते, परंतु मुहूर्ताची वेळ डोळ्यांपुढे नाचत होती, सबब त्यांचा हात त्याच बाटलीकडे गेला.

तो वेदश्रीने धरिला. "अप्पा, तळाला किती पाणी आहे, आपल्याला माहीत नाही. ते सगळं मिसळून इंजिनात घालायचं? दाताची कीड आत ठेवून मी वरून भरून टाकला तर चालेल का?"

"मुहूर्त जाईल की, बाळ."

"जाऊ दे. गाडी नको जायला."

भीमराव यांनी कन्येकडे पाहिले आणि बाटली खाली ठेविली.

इतक्यात बाईसाहेबांनी धारवाडास पूजा सांगणाऱ्या बाळाचार्यांना फोन लाविला. आचार्यांनी शांतपणे कळविले की, "अक्का, दसरा म्हणजे साडेतीन मुहूर्तांतला एक. दिवसभर मुहूर्तच आहे. फक्त चारनंतर मला दुसरीकडे पूजा आहे." ही खबर येताच फौजेत प्राण आला.

मग मोहीम सुरू जाहली. दुसरे औषध झाकणाने मोजून टाकीत ओतिले. ते सर्वत्र मिसळावे म्हणोन ट्रक हलविणे अगत्याचे. भीमराव बंपरवर चढून उड्या मारू लागले, आणि मग सुमंतराव चढले, आणि मग मघाचा रिक्षावाला मागोमाग आला होता तोही चढला, आणि बन्नी, म्हणजे दसऱ्यास सोने म्हणोन द्यावयाची शमीची पाने, विकणाऱ्या दोघी बाया टोपल्या ठेवून बाजूने ढकलू लागल्या. तळ्यावर फिरावयास आलेले लोक पुसत, "यान आत्री?" म्हणजे काय झाले. मग उत्तर न ऐकताच तेही ढकलीत. ट्रक नौकेसारखा डोलू लागला, आणि वरती रिकामे सिंहासन प्रत्येक हेलकाव्यास मान डोलावीत होते. बाईसाहेबांस हसू आवरेना. त्या रस्त्याचे कडेस बसल्या, आणि पदराने डोळे पुसू लागल्या.

मग युद्ध थांबविले, कारण पाण्यास खाली बसावयास वेळ देणे हीच आता लढाई होती. बाईसाहेबांनी डबा उघडिला आणि सर्व सैन्यास चिरोटे वाटिले. कोणी टाकीस हात लावू नये, ऐसा त्यांचा सक्त हुकूम.

यथाकाळ भीमराव पाना घेऊन ट्रकाखाली शिरले आणि टाकीचा बोल्ट सैल केला. खाली कॅन धरिला होता. प्रथम पाणी आले. मग आणखी पाणी. आणि त्यावर पांढरा फेस, आणि फेसास गुलाबाचा वास.

सुमंतरावांनी तो वास ओळखिला.   मग हळूच म्हणाले, "भाऊजी, झाकण मी काढलं होतं. घासायला."

ट्रकाखाली पाना खाली ठेविल्याचा आवाज जाहला.  मग भीमराव बाहेर सरकले, तोंडास काळे, मिशीस फेस, आणि म्हणाले, "घासलं मात्र छान होतं, सुमंत. मी सकाळी बघितलं." इतुके ऐकून सुमंतरावांस रडू आले, आणि बन्नीवाल्या बायांपैकी थोरलीने दोघांच्या हाती पाने देऊन म्हटले, "बन्नी तगोंडु बंगारदांग इर्री." बन्नी घ्या आणि सोन्यासारखे राहा. मेहुणे भाऊजींस भेटले. रेशमी साडीस काळा डाग पडला तो याच गळाभेटीत, वेदश्रीही मध्ये शिरली म्हणोन.

पाणी संपून निखळ डिझेल येऊ लागताच बोल्ट आवळिला. गनीम कॅनमध्ये कैद. तो तळ्यात सोडण्यास बाईसाहेबांनी मनाई केली. गॅरेजात जमा करावा, ऐसे ठरले. फिल्टरचे बुडाशी उरलेसुरले लपले होते तेही काढिले. मग वेदश्रीने पदर खोचून इंजिनाजवळील डिझेलचा हातपंप मारिला, आणि अडकलेली हवा फुसफुसत निघून गेली. भीमराव यांनी मारुतीस हात जोडून चावी फिरविली. इंजिन एकदा खोकले. पुन्हा खोकले. मग धूर निवळला आणि ओळखीचा आवाज लागला. उणकलचे काठी टाळ्या जाहल्या. रिक्षावाला मान मिळाल्याप्रमाणे पुढे चालून धारवाडचे वेशीपर्यंत हॉर्न वाजवीत गेला.

मालमड्डीत बाळाचार्य घड्याळ पाहात दारी उभे होते. खुर्ची उतरविली, जोडिली, पूजिली. प्रथम कोणी बसावे हा प्रश्न निघाला, तेव्हा भीमराव दाराबाहेर निघावयाच्या बेतात दिसले. "मला काही होत नाही. गाडी बघून येतो," म्हणाले.

"बसा, अप्पा," कन्या म्हणाली.

ते बसले. खुर्ची वर चढली, मागे कलली, दिवा लागला. डोळ्यांच्या कडेने पाणी ओघळून कानापर्यंत गेले. दिवा डोळ्यांवर आला म्हणोन, ऐसे त्यांनी मागाहून सांगितले.

येणेप्रमाणे विजयादशमीस, चार वाजण्यापूर्वी, मालमड्डी मुक्कामी फत्ते जाहली. इंजिन शाबूत, इंजेक्टर शाबूत, खुर्ची स्थानापन्न. दवाखान्याचे पहिले रुग्ण राजश्री भीमराव. उजवीकडील अक्कलदाढ किडलेली आढळली. ती येत्या सोमवारी काढावी, ऐसा हुकूम दंतवैद्य वेदश्री यांनी दिला. भीमराव यांचे तोंड उघडे असल्याकारणे त्यांस हरकत घेता आली नाही, सबब हुकूम कायम जाहला.