पलंगावरचं इंजिन

उकंडराव झाडे यांच्या घरात पलंग एकच, आणि त्यावर इंजिन झोपायचं. स्वतः उकंडराव खाली सतरंजीवर. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा पलंगावर पांघरूण घेऊन कोणीतरी पडलेलं दिसलं, म्हणून मी आवाज खाली आणून विचारलं, "कोणी आजारी आहे का?" उकंडरावांनी पांघरुणाचं टोक उचललं. आत एक काळंकुट्ट, तेलकट धूड.

"आजारी नाही जी," ते म्हणाले. "पोट उघडलं हाय त्याचं. धूळ जाते ना आत."

तेव्हा नागपूरच्या नंदनवनात निम्मे प्लॉट रिकामे होते. मी हायस्कुलात मराठी शिकवणारा माणूस. दोन खोल्या बांधून नुकताच राहायला आलो होतो. यंत्रांबद्दल माझं ज्ञान एवढंच, की मला गरज पडली की ती बंद पडतात. शेजारी उकंडराव. कापडगिरणीत पस्तीस वर्षं फिटर होते. बायको लग्नानंतर चारच वर्षांनी वारली, मूलबाळ नाही. आता रिटायर होऊन घरी बसले होते, असं म्हणायची पद्धत आहे. पण बसलेले उकंडराव मी फारसे पाहिले नाहीत.

हे इंजिन बोटीसाठी आहे असं कळलं तेव्हा मी मनसोक्त हसलो. आमच्या गावातून समुद्र पाहायचा तर रात्रभर रेल्वेत बसावं लागतं. उकंडरावांनी माझं हसणं संपू दिलं आणि म्हणाले, "जमवू जी." हे त्यांचं सगळ्यावरचं उत्तर होतं. आमचं भिंतीवरचं घड्याळ मागे पडायचं, तेव्हा "जमवू जी." नळावरून दोन घरांत भांडण पेटलं, तेव्हाही "जमवू जी." घड्याळ जमलं. नळाचं मात्र त्यांच्या हातून जमलं नाही.

इंजिनाच्या भागांना ते जुना-नवा म्हणत नसत. ती सगळी त्यांच्या लेखी स्थळं होती. सांगाडा काटोलकडच्या एका संत्र्याच्या बागेतला. तिथे विहिरीचं पाणी ओढता ओढता म्हातारा झालेला. चक्का, म्हणजे जड चाक, एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीतला. डिझेलची टाकी कुठल्याशा स्कूटरची. पाण्यातला पंखा एका भंगारवाल्याकडचा, आणि तो मुंबईच्या गोदीतून आला असं भंगारवाल्याचं म्हणणं. पिस्टन तेवढा कोरा करकरीत. "सिलिंडरचं घर जुनं हाय, मास्तर," उकंडराव मला समजावून सांगत. "एकाच पिस्टनसंग जलमभर संसार केला त्यानं. आता ही नवी सून आली. तिले एकदम रेटाल तं रुसून बसन. पयले आठ दिवस हळूहळू नांदवा लागते."

एकदा मी त्यांच्याबरोबर भंगारबाजारात गेलो आणि पस्तावलो. एक बुश घ्यायचा होता, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती पितळी बांगडी. दुकानदाराने ढीग ओतला. उकंडरावांनी खिशातून मापाचं यंत्र काढलं आणि एकेक बुश तपासायला सुरुवात केली. मुलगी पाहायला आलेली माणसंही इतके प्रश्न विचारत नाहीत. दोन तास झाले. शेवटी दुकानदार कंटाळून म्हणाला, "अरे काका, बाल बराबर फरक है." उकंडराव शांतपणे म्हणाले, "एका केसावरूनच सोयरीक मोडते, भाऊ." मग सायकलवर टांग टाकून थेट कळमेश्वर. तिथल्या एका कारखान्यात त्यांच्या ओळखीचा टर्नर होता. त्याच्याकडून त्यांनी नवा बुश करून आणला. तो घट्ट बसला म्हणून पुन्हा गेले. मग सैल बसला म्हणून तिसऱ्यांदा. तिसऱ्या खेपेला तो टर्नर म्हणे मागच्या दाराने निघून गेला होता, पण उकंडराव फाटकातच बसून राहिले.

याच काळात आमच्या घरातली चहाची गाळणी नाहीशी झाली. कमलने, म्हणजे माझ्या बायकोने, आधी भांडीवालीवर संशय घेतला, मग मांजरावर, मग सवयीप्रमाणे माझ्यावर. दोन दिवस मी चहापत्ती चावत शाळेत गेलो. तिसऱ्या दिवशी ती गाळणी मला पलंगावर दिसली, इंजिनाच्या टाकीच्या तोंडात घट्ट बसवलेली. कमल पदर खोचून जाब विचारायला गेली.

"वैनी," उकंडराव म्हणाले, "चहाचा कचरा तोंडात आला तं माणूस थुकून टाकते. याले थुकता येत नाही."

कमल खोचलेला पदर सोडून परत फिरली. मला द्यायची उत्तरं ती तयार ठेवते, म्हणून मी ते दृश्य डोळे भरून पाहिलं. आठवड्याने उकंडरावांनी तिला स्वतःच्या हाताने नवी गाळणी करून दिली. जाळी इतकी बारीक, की त्यातून पत्तीच काय, चहासुद्धा खाली येईना.

बोट कशासाठी, हे मात्र ते सांगत नसत. कोणाला मासोळ्या म्हणायचे, कोणाला सहल. पण दर रविवारी पहाटे रामटेककडची एसटी पकडून ते गायब व्हायचे. शेवटी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी फारच मागे लागलो, तेव्हा इंजिनावर फडकं फिरवत त्यांनी सांगितलं.

त्यांचं गाव चिचोली. गावाला लागून मोठा तलाव, पलीकडे बाजाराचं गाव. तलावाला वळसा घालून जायचं तर अख्खी सकाळ जाते, म्हणून लोक नावेने जातात. नाव चालवायचा केशो ढीवर, उकंडरावांचा लहानपणचा सवंगडी. रिटायर झाल्यापासून उकंडराव दर रविवारी त्या नावेत जाऊन बसत. जायचं कुठेच नसे. इकडून तिकडे, तिकडून इकडे, दिवसभर दोघे बोलत असत. गेल्या हिवाळ्यात केशोवरून वारं गेलं आणि उजवा हात लुळा पडला. वल्हं धरता येईना. त्याचा पुतण्या कसाबसा नाव ढकलत होता, पण तोही आता कामाला बाहेर जाणार होता.

"गावानं पोळ्यापर्यंत टाइम देला," उकंडराव म्हणाले. "पोळा फुटाच्या आत केशोनं स्वतः नाव पलीकडं नेऊन वापस आणली, तं घाट त्याचा. नाही तं पलीकडच्या गावचा दुसरा माणूस पाहून ठेवला हाय त्याईनं."

"आणि केशो?"

"घरी बसन." त्यांनी फडकं झटकलं. "घरी बसणं मले माहीत हाय, मास्तर."

त्या दिवसापासून मी हसणं बंद केलं आणि सामान धरायला लागलो. मला कोणता पाना कोणता हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण कंदील बरा धरतो असं प्रशस्तिपत्रक मिळालं.

पोळ्याला आठवडा उरला तेव्हा अंगणात चाचणी झाली. लोखंडी टाकीत पाणी भरलं, पंखा त्यात सोडला, उकंडरावांनी हँडल मारलं. एकदा, दोनदा, पाचव्यांदा इंजिन खोकलं आणि मग जे धडधडायला लागलं, की आमच्या स्वयंपाकघरातली भांडी फळीवरून चालायला लागली. टाकीतलं सगळं पाणी बघ्यांच्या अंगावर. मोहल्ला चिंब भिजला आणि खूश झाला. पंख्यात किती जोर आहे यावर सगळ्यांचं एकमत झालं. पाणी कुठल्या बाजूला फेकलं जातंय हे कोणीच पाहिलं नाही, कारण ते सगळीकडेच उडालं होतं.

कळमन्याच्या बाजारात माल उतरवून परत जाणाऱ्या एका ट्रकमधून इंजिन चिचोलीला गेलं, सोबत उकंडराव. नावेला भोक पाडून दांडा बसवायचं काम त्यांनी आधीच्या रविवारी उरकून ठेवलं होतं. मी पोळ्याच्या आदल्या दिवशी एसटीने पोचलो. गावात घरोघर बैलांची खांदेमळणी चालली होती. घाटावर पाहतो तर उकंडराव नावेत बसून इंजिनाच्या त्या कळमेश्वरच्या बुशाला हळद आणि लोणी चोळत होते. मग वाकून, बैलाच्या कानात सांगतात तसं, ते इंजिनाला म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." शेजारी केशो डाव्या हाताने वाटी धरून गंभीर चेहऱ्याने बसला होता. मला हसू आलं नाही, याचं मलाच नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी बैलांच्या आंघोळी आटोपून अख्खं गाव काठावर जमलं. शिंगं रंगवलेले, झुली पांघरलेले बैलही होते. एका म्हाताऱ्याने शंका काढली, "पोळ्याच्या दिवशी बैलाले जुपत नाहीत. मंग इंजिनाले काहून जुपता गा?" उकंडराव म्हणाले, "याचा पोळा उद्या हाय." हँडल फिरलं. इंजिन पहिल्या झटक्यात धडधडलं. केशो मागे सुकाणू धरून ताठ बसला. आणि नाव सुटली, ती मागे. थेट काठावर येऊन तिने दोन बैलांना बुजवलं.

नागपुरात पंखा उलटा आहे हे कळायला कोणी बोटीचा पंखा पाहिलेला असावा लागतो. गोदीतल्या ज्या बोटीचा तो होता तिचं इंजिन बहुधा दुसऱ्या दिशेने फिरत असावं. उकंडरावांचा चेहरा उतरला. तरी म्हणाले, "जमवू जी," आणि छातीभर पाण्यात उतरून पंखा काढला, पालटून बसवला. पुन्हा हँडल. नाव पुन्हा मागेच. पंखा कसाही बसवला तरी तो आपली वळणं बदलत नाही, हे त्या दिवशी तलावाच्या काठावर आम्ही सगळे एकदम शिकलो. ऊन कलायला लागलं. गावाबाहेर तोरणाखाली बैल उभे करायला लोक निघू लागले. उकंडराव पाण्यात तसेच उभे, दोन्ही हात नावेच्या काठावर. पस्तीस वर्षांत त्यांनी एवढी मोठी चूक केली नसावी. ते माझ्याकडे बघेनात.

तेव्हा केशो बोलला. "उकंड्या, इंजिन बंद कर. हे सुकाणू काढ इकडचं."

"काहून गा?"

"तिकडं लाव. समोरच्या टोकाले." केशोने डाव्या हाताने नावेची दोन्ही टोकं दाखवली. "नाव दोन्हीकून सारखीच असते. मुंडकं कोणतं अन् शेपूट कोणतं, हे तं आपणच ठरवलं."

सुकाणू हलवायला पाव तास लागला. पुढचं टोक मागचं झालं, केशो त्यावर जाऊन बसला, हँडल फिरलं आणि नाव पलीकडे निघाली. काठावरचे बैल, माणसं आणि मी, सगळे बघत राहिलो. नाव जाऊन परत आली तेव्हा तोरण अजून तुटलं नव्हतं, पोळा फुटायचा होता. उकंडराव खाली उतरले आणि मला मिठी मारली. माझा नवा सदरा डिझेलने माखला, आणि माझे डोळे भरले होते हे मी आज कबूल करतो.

घाट केशोचा राहिला. एरवी हँडल मारायला गावातली पोरं असत, रविवारी उकंडराव. दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी पुन्हा उकंडरावांबरोबर गेलो. नावेत बाजाराला निघालेल्या चार बाया, टोपल्या, एक शेळी. इंजिनाचा आवाज असा, की शेळीचं तोंड उघडलेलं दिसायचं, पण ओरडणं ऐकू यायचं नाही. केशो एका टोकाला, उकंडराव मध्ये इंजिनाजवळ. केशो काहीतरी म्हणाला. उकंडरावांनी कानामागे हात धरला. केशोने पुन्हा सांगितलं. मग दोघांनीही नाद सोडला.

तलावाच्या बरोबर मध्यावर उकंडरावांनी इंजिन बंद केलं.

"गरम झालं जी," ते मला म्हणाले. "थंड होऊ द्या जरासं."

नाव पाण्यावर नुसती डुलत राहिली. उकंडराव उठून केशोजवळ जाऊन बसले. केशोने सांगितलं की वांग्यांवर कीड पडली. उकंडरावांनी विचारलं, कोणत्या वांग्यांवर. मग पाय दुखतो का, कोणता, मग कोण वारलं, मग आणखी वांगी. नंदनवनात महिनाभरात मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. आता साठी उलटलेल्या माणसाला ते हँडल पुन्हा मारावं लागणार, या काळजीने मी इंजिनावर हात ठेवून पाहिला. तलावाचं पाणी पिऊन ते चांगलं गार राहिलं होतं. कोमटसुद्धा लागेना.

मी तोंड उघडलं. शेजारी टोपली धरून बसलेल्या म्हातारीने माझा हात इंजिनावरून अलगद बाजूला केला. बाजार तिलाही गाठायचा होता.

"मास्तर," ती हळू आवाजात म्हणाली, "ते दर रविवारी इथंच गरम होते. बसू द्या त्याईले."